पागा : घोडा कोणाचा?

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचे गाव आहे. इंदूर शहरात पागनीसपागा नावाची वस्ती आहे. हैदराबादेत नक्षीदार जाळ्यांची, चुनेगच्चीची एक सुंदर दफनभूमी आहे; तिला पायगा मकबरे म्हणतात. एक खेडे, एक पेठ आणि एका श्रीमंत घराण्याच्या कबरी. तिन्ही ठिकाणी शब्द मात्र एकच आहे.

'पागा म्हणजे तबेला' असा अर्थ हल्ली सर्रास सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण फार तोकडा आहे. पागा म्हणजे घोडे बांधण्याची जागा, हे खरे. पण पागा म्हणजे सरकारी मालकीच्या घोड्यांचा ताफा, ते घोडे पोसण्या-वाढवण्याची व्यवस्था आणि त्यांवर स्वार होणाऱ्या सैनिकांचे पथक, हेही तितकेच खरे. एका इमारतीचे नाव फौजेचे नाव कसे झाले, याचा माग घेतला की दख्खनच्या लष्करी इतिहासातला एक कळीचा प्रश्न हाती लागतो : स्वाराच्या मांडीखालचा घोडा कोणाचा?

आधी व्युत्पत्ती पाहू. मूळ शब्द फारसी आहे, 'पायगाह'. 'पाय' म्हणजे पाय आणि 'गाह' म्हणजे जागा. 'ईदगाह', 'दर्गा' यांत दिसणारा 'गाह' तो हाच. फारसीतील 'पाय' आणि संस्कृतातील 'पाद' हे भाऊबंद असल्याने मराठी कानाला या शब्दाचा पूर्वार्ध परका वाटण्याचे कारणच नव्हते. फारसीत 'पायगाह' म्हणजे पाय रोवण्याची जागा, त्यावरून दर्जा, हुद्दा, आणि घोडे उभे करण्याची जागाही. आधुनिक इराणमध्ये हाच शब्द लष्करी तळासाठी वापरतात. मराठीत येताना 'पायगाह'चे 'पायगा' आणि पुढे 'पागा' झाले.

'तबेला' शब्दाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे मूळ अरबी 'तवील' म्हणजे लांब या शब्दात आहे. घोडे एका ओळीत बांधण्याच्या लांब दोरावरून घोडशाळेलाच 'तवीला' म्हणू लागले. थोडक्यात, तबेल्याची ओळख दोराने होते आणि पागेची ओळख जागेने.

जागेवरून घोड्यांच्या वसतीला नाव देण्याची ही रीत फारसीपुरती मर्यादित नाही. मराठीत घोड्याच्या बांधण्याच्या जागेला 'ठाण' म्हणतात. तो संस्कृत 'स्थान' शब्दाचा वंशज, म्हणजे 'स्था', उभे राहणे, या धातूचा. आज ज्याला आपण 'स्टड फार्म' म्हणतो त्यातील 'स्टड' हा जुना इंग्रजी शब्दही त्याच आदिम धातुकुळातला आहे. पैदाशीसाठी राखलेला घोड्यांचा कळप, असा त्याचा जुना अर्थ. जर्मनीतील श्टुटगार्ट शहराच्या नावाचा अर्थच घोड्यांच्या पैदाशीची वाडी असा होतो. दहाव्या शतकात तेथे अशी वाडी होती, असे परंपरा सांगते आणि शहराच्या राजचिन्हावर आजही काळा घोडा आहे. ठाण आणि स्टड ही दूरची भावंडे आहेत, हे शिरूरच्या एखाद्या मोतद्दाराला कोणी सांगितले असते तर त्याने बहुधा हसून खरारा पुढे चालू ठेवला असता.

भारतात घोड्यांची सरकारी व्यवस्था फारसी शब्दाच्या आगमनापूर्वी शेकडो वर्षे होती. अमरकोशात घोडशाळेला 'मंदुरा' म्हटले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाला घोड्यांची नोंद ठेवायला सांगितले आहे, आणि त्या नोंदीचा पहिला निकष घोडा कोठून आला हा आहे : विकायला आलेला, खरेदी केलेला, युद्धात मिळालेला, मित्राने मदतीला दिलेला, गहाण पडलेला, आणि 'आजात', म्हणजे आपल्याच ठाणावर जन्मलेला. व्यालेल्या घोडीला तीन रात्री तूप पाजावे, अशी सूचनाही तेथे आहे. राज्याला घोडे विकत घेण्याइतकेच घोडे जन्माला घालण्यातही रस होता, हे त्या तुपावरून कळते.

पण दक्षिणेत हे 'आजात' प्रकरण सहसा साधत नसे. तेराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावर आलेल्या मार्को पोलोने लिहून ठेवले आहे, की तेथील राजे इराणी आखातातून दरसाल प्रचंड पैसा मोजून घोडे आणवतात, वर्षभरात त्यांतील बहुतेक मरतात, आणि उत्तम घोडीला उत्तम घोडा दाखवला तरी पोटी येणारे शिंगरू खुरटे आणि वाकड्या पायांचे निघते. दमट हवा, चुकीचा आहार आणि जाणत्या नालबंदांचा अभाव, यांचा तो परिणाम असावा. पुढे बहमनी आणि विजयनगर या दोन्ही राज्यांची स्पर्धा अरबी घोड्यांसाठी चालली. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी घोड्यांची गलबते गोव्यालाच लागावीत, असा दंडक घालून हा व्यापार मुठीत धरला. घोडा ज्याच्या बंदरात उतरतो त्याच्यापुढे दख्खनच्या सुलतानांना आणि रायांना नमते घ्यावे लागे.

या चित्राला एक अपवाद होता, आणि मराठ्यांच्या इतिहासात तो निर्णायक ठरला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरड्या खोऱ्यांत, म्हणजे भीमा, नीरा आणि माण या नद्यांच्या काठी, घोडा जगे आणि वाढे. 'थडी' म्हणजे नदीचा काठ, म्हणून भीमथडी. येथला घोडा अंगाने लहान, दिसायला अरबी घोड्यापुढे सामान्य. पण काटक, डोंगरवाटांना सरावलेला आणि बेताच्या वैरणीवर चालणारा. मराठी स्वारांची पसंती पुष्कळदा घोडीला असे. घोडी शांत आणि चिवट, शिवाय मोहीम संपल्यावर तीच शिंगरू देई.

अर्थात शिंगरू मिळणे आणि स्वारीचा घोडा मिळणे यांत बरेच अंतर असते. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि शिंगरू स्वारीला यायला तीन ते चार वर्षे लागतात. आज ठरवले तर पाच वर्षांनी घोडा मिळणार. तोवर दाणा, वैरण, राखीव कुरण, नालबंद, मोतद्दार हे सगळे कोणीतरी पोसले पाहिजे. तो खर्च स्वाराने सोसायचा की राज्याने, या एका प्रश्नावर फौजेची सारी घडण अवलंबून होती.

दिल्लीच्या सुलतानांना हा प्रश्न आधीच पडला होता. शाही घोडशाळेसाठी 'पायगाह' हा शब्द चौदाव्या शतकातील फारसी इतिहासग्रंथांत येतो. अलाउद्दीन खलजीने घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांच्या चेहरेपट्टीची नोंद ठेवण्याची पद्धत घालून दिली, कारण एकच घोडा दोनदा दाखवून दोन घोड्यांचा पगार उचलणारे कमी नव्हते. चांगला घोडा गणतीला दाखवायचा आणि मोहिमेला खेचरासारखे तट्टू आणायचे, ही युक्तीही जुनीच. खासगी मालकीच्या घोड्यावर उभारलेल्या फौजेचे हे कायमचे दुखणे होते. दिल्लीची सत्ता दख्खनमध्ये उतरली तेव्हा तिच्या कारभाराची भाषाही उतरली. बहमनी आणि त्यानंतरच्या शाह्यांच्या चाकरीत मराठे सरदार पिढ्यान्‌पिढ्या वावरले, आणि पागा, शिलेदार, बारगीर हे शब्द त्यांच्या घरचे झाले.

शिलेदार म्हणजे मूळ फारसी 'सिलाहदार', शस्त्रधारी. मराठी फौजेत स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो. बारगिराचा घोडा पागेचा, म्हणून बारगीर पागेचा माणूस. शिलेदाराचा मान मोठा वाटे, कारण तो आपल्या घोड्याचा धनी होता. बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा.

शिवाजी महाराजांनी या मानाच्या उतरंडीची उलटापालट केली. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी, त्यावर पंचहजारी आणि सर्वांवर सरनौबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल या दोन गोष्टींची जबाबदारी स्वारावर न टाकता ती सर्वांत खालच्या तुकडीतच बांधून दिली होती. रचनेतील सर्वांत महत्त्वाची बाब मात्र वेगळी आहे. शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले गेले. ज्याचा घोडा स्वतःचा, त्याने ज्याचा घोडा सरकारचा त्याच्या तंत्राने चालायचे.

यामागचे गणित रोकडे होते. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याचे भांडवल बुडाले. काही वेळा संसारच बुडाला. त्यामुळे ऐन गर्दीत घोडा घालताना त्याचा हात आखडणे स्वाभाविक होते. मुघल फौजेबद्दलही हेच निरीक्षण आढळते. शिवाय घोड्यांचा धनी असलेला मोठा शिलेदार उद्या रुसून शत्रूकडे गेला, तर घोडेही त्याच्याबरोबर जाणार. बारगीर गेला तर एक माणूस जातो. घोडा पागेत राहतो.

पण नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. जो घोडा आपला नाही त्याची काळजी माणूस कितपत घेतो? शिलेदार स्वतः उपाशी राहून घोड्याला दाणा घालेल. बारगीर घालेलच असे नाही. पागेचा सगळा पेच येथे होता आणि त्याचा पुरावा सुदैवाने एका अस्सल पत्रात उरला आहे.

१६७३–७४ च्या सुमारास, पावसाळ्याच्या तोंडावर, चिपळूणजवळच्या हलवर्ण गावी घोडदळाची छावणी पडली होती. तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना महाराजांनी एक प्रदीर्घ पत्र पाठवले. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये या अर्थाने हे पत्र नेहमी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण पत्र लिहिले गेले ते पागेला. मायन्यात शब्द आहे 'पायगो', म्हणजे 'पायगाह' आणि 'पागा' यांच्या मधल्या वळणावरचे रूप.

पत्राची मध्यवर्ती चिंता घोडे हीच आहे. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरवायची आहे, हे त्यात बजावले आहे. आहे तोवर मन मानेल तसा दाणा आणि गवत उधळले, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग लोक रयतेकडे जातील. कोणी दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. या दोन गोष्टींतला दुवा पत्रात अगदी स्पष्ट आहे. घोडा उपाशी राहिला की रयत लुटली जाते. पागेचा हिशेब चुकला की राज्याची अब्रू जाते.

त्यानंतर पत्र आगीकडे वळते. गवताच्या गंजींजवळ कोणी चूल मांडेल, कोणी चिलीम ओढेल, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एवढ्याने वैरण आणि पागेची छपरे जळून जातील. मग कोणाची मान मारली तरी एकही लाकूड मिळायचे नाही आणि एकही खण उभा राहायचा नाही. राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावरचा राजा उंदराने ओढलेल्या वातीचा विचार करत होता. पागा चालवणे म्हणजे काय, याची याहून नेमकी कल्पना दुसऱ्या कोणत्याही कागदातून येत नाही.

सभासदाच्या वर्णनाशी हे जुळते. पावसाळ्यात फौज स्वराज्यातील छावणीत परतावी. तेथे दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेल्या पागा तयार असाव्यात. दसरा होताच फौजेने बाहेर पडावे. निघताना आणि परतताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची झडती व्हावी. आठ महिने परमुलखात, चार महिने पागेत. हे चार महिने घोड्यांच्या अंगावर मांस चढण्याचे होते, आणि फौजेची पुढच्या वर्षाची ताकद त्यांतच ठरे.

पेशवाईत फौज वाढली, मुलूख वाढला आणि समतोल बदलला. हुजुरातीची स्वतःची पागा राहिली, पण फौजेचा मोठा भाग सरदारांच्या पथकांचा आणि शिलेदारांचा झाला. शिंदे, होळकर यांनी आपापल्या पागा उभ्या केल्या. आता 'अमक्याची पागा' म्हटले की घोडशाळा डोळ्यांपुढे येत नसे. त्या सरदाराच्या स्वारांचे पथक येई. जिथे पागा उतरली त्या वस्त्यांना तिचे नाव पडले. इंदूरची पागनीसपागा ही होळकरी अमलाची खूण. पागनीस म्हणजे पागेचा हिशेब लिहिणारा, आणि हे आडनाव मराठी घरांत आजही आहे. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश शिवकाळातच रचला गेला होता. तरी पागा पागाच राहिली. जो शब्द रोजच्या दाण्याच्या हिशेबात येतो तो फर्मानाने हलत नाही.

पागेच्या स्वाराचे नाव तर आणखी दूर गेले. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. तिथल्या लोकांनी 'बारगीर'चा 'बर्गी' केला आणि त्या नावाची भीती अंगाईगीतात घातली. बंगाली मुले पिढ्यान्‌पिढ्या ज्या नावाला घाबरून झोपली, त्याचा अर्थ एवढाच होता : ज्याला सरकारी घोडा मिळाला आहे असा साधा स्वार. हा मराठी इतिहासातला फारसा न सांगितला जाणारा भाग आहे. अंगाईत मात्र तो विसरला गेलेला नाही.

हैदराबादेत त्याच शब्दाचे नशीब फळफळले. निजाम अलीखानाने अबुल फतह खान तेगजंग याला आपल्या खास घोडदळाचे, म्हणजे पायगेचे, प्रमुख केले आणि त्याच्या खर्चासाठी मोठी जहागीर तोडून दिली. त्याचे वंशज 'पायगा' घराणे म्हणूनच ओळखले गेले. पुढे घराण्याच्या तीन शाखा झाल्या, निजामाच्या घराण्याशी सोयरिकी झाल्या. फलकनुमा राजवाडा बांधणारे विकार-उल-उमरा हे याच घराण्यातले. घोडदळाचे महत्त्व सरले तरी जहागिरी राहिल्या, आणि हैदराबाद संस्थानाच्या मुलकी कागदांत 'पायगा' हा एका प्रकारच्या इलाख्याचा शब्द झाला. घोड्याची जागा, घोड्यांचा ताफा, मग फौज, मग घराणे, मग जमीन.

१८१७ मध्ये, पेशवाईच्या अखेरच्या वर्षात, पुण्याच्या तहानुसार इंग्रजांच्या हुकमतीखाली एक घोडदळ उभे राहिले. तेच पुढे पूना हॉर्स म्हणून प्रसिद्ध झाले. इंग्रजांनी आपल्या हिंदी घोडदळात बव्हंशी शिलेदारी पद्धत ठेवली, कारण ती स्वस्त पडे; घोडा स्वाराने आणायचा. महाराजांनी ज्या पद्धतीला पागेच्या हाताखाली ठेवले होते, ती कंपनीने आपल्या सोयीसाठी वर आणली. पहिल्या महायुद्धात समुद्रापार मरणाऱ्या घोड्यांची भरपाई स्वाराने कशी करायची, हा प्रश्न आला तेव्हा ती मोडली, आणि युद्धानंतर थोड्याच वर्षांत बंद झाली. घोडा पुन्हा सरकारचा झाला. पण तोवर घोड्याचेच दिवस भरत आले होते.

पैदाशीचा प्रश्न कंपनीलाही सुटला नाही. बिहारमध्ये पुसा येथे तिने मोठे पैदास केंद्र चालवले. १८०८ मध्ये त्याचा कारभार हाती घेतलेला विल्यम मूरक्रॉफ्ट चांगल्या वळूघोड्यांच्या शोधात लडाख, काश्मीर, काबूल असा फिरत १८२५ मध्ये बुखाऱ्याला पोहोचला, आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी अफगाण तुर्कस्तानात मरण पावला. मुंबई इलाख्यात कंपनीने असेच एक केंद्र काढले ते आलेगावला, भीमेच्या खोऱ्यात, जिथे घोडा आपसूक वाढे. तेही फार काळ टिकले नाही. गावाच्या नावात पागा मात्र राहिली.

भीमथडी घोडाही राहिला. अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची स्वतंत्र देशी वाण म्हणून नोंद केली. तो आता कोणत्याही पागेत नाही. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत धनगरांच्या मेंढ्यांमागून तो चालतो. पाठीवर बिऱ्हाड असते, भांडीकुंडी, कोकरे, कधी एखादे लहान मूल. 'बारगीर' या शब्दाचा फारसीतला मूळ अर्थ ओझे वाहणारा घोडा, असा आहे.